आवळू नये, सुटू नये

एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत गार केली, की ती जवळजवळ चार मिलिमीटर आखडते. तेवढीच स्टेनलेस स्टीलची पट्टी पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास, टायटॅनियमची दीड-पावणेदोन, इनव्हार या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची जेमतेम अर्धा. फ्यूज्ड सिलिका नावाच्या काचेला तर या थंडीचं जवळपास काहीच वाटत नाही. हा तक्ता माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर कितीतरी वर्षं चिकटवलेला आहे. आकडे कधीच पाठ झालेत, तरी नवं ड्रॉइंग सुरू करताना नजर तिकडे जातेच, कारण माझ्या कामातला सगळा झगडा या पाच ओळींमधल्या फरकाशी आहे.

मी भिंगं आणि आरसे धरून ठेवणारे भाग डिझाइन करते. ऑप्टिकल माउंट. त्यातही अतिथंड उपकरणांचे, ज्यांच्या आत हवा नसते, ओल नसते आणि एकदा झाकण बंद झालं की माणसाचा हात पोचत नाही. दुर्बिणीवर लिहिणारे आरशाबद्दल लिहितात, डिटेक्टरबद्दल लिहितात. भिंगाला धरणाऱ्या कडीबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. मला मात्र या विषयाइतकं विचारात गुंतवणारं दुसरं काही सापडलेलं नाही.

मुळात उपकरण इतकं थंड कशासाठी? इन्फ्रारेडमध्ये प्रत्येक उबदार वस्तू स्वतःच प्रकाशत असते. खोलीच्या तापमानाची वस्तू १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास सगळ्यात जास्त प्रकाश टाकते. दुर्बिणीचा आरसा, भिंगाची कडी, कॅमेऱ्याच्या भिंती, सगळंच. त्या झगमगाटात दूरच्या आकाशगंगेकडून आलेले मोजके फोटॉन कुठल्या कुठे हरवतात. तीच वस्तू ४० केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २३३ अंश सेल्सिअसपर्यंत, गार केली की तिचा प्रकाश अतिशय क्षीण होतो आणि सत्तर मायक्रॉनच्या पलीकडे सरकतो. म्हणून जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, पाच पदरांच्या सनशील्डच्या सावलीत ठेवली आहे. तिच्यावरच्या मिरी या उपकरणाला तेवढंही पुरत नाही. त्याला ७ केल्विनच्या खाली जावं लागतं, त्यासाठी क्रायोकूलर हे वेगळं शीतयंत्र आहे.

आता एक भिंग घेऊ. फ्यूज्ड सिलिकाचं, १०० मिलिमीटर व्यासाचं. ते ॲल्युमिनियमच्या कडीत अगदी नेमकं, फट न ठेवता बसवलं. गार केल्यावर कडीचा व्यास ०.३९ मिलिमीटरने कमी होणार आणि भिंग होतं तेवढंच राहणार. कडी काचेला सगळीकडून चेपते. काच फुटली नाही तरी तिच्या पृष्ठभागाचा आकार बिघडतो, आणि आमच्याकडे आकाराचा हिशेब तरंगलांबीच्या अंशांत चालतो. बरं, मग आधीच भोवती ०.२ मिलिमीटर फट सोडली तर? थंडीत ती मिटेल, भिंग मजेत बसेल. पण वेबसारखी दुर्बीण जमिनीवरून निघते तेव्हा गार नसते. ती खोलीच्या तापमानाला उडते आणि वर गेल्यावर आठवडेच्या आठवडे हळूहळू गार होत जाते. रॉकेट हादरत असताना भिंग त्या फटीत खुळखुळणार, कडेवर आपटणार. भिंगाचं केंद्र दहा-वीस मायक्रॉनपलीकडे सरकलेलं चालत नाही, आणि इथे आपणच त्याला दोनशे मायक्रॉन मोकळं रान दिलेलं.

म्हणजे गरम असताना घट्ट हवं आणि गार असताना मोकळं. तेही त्याच कडीने, मध्ये कुणी स्क्रू पिळायला न येता.

आजोळी बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना मी लहानपणी पाहिलं आहे. लोखंडी पट्टीचं कडं मुद्दाम चाकापेक्षा थोडं लहान केलेलं असे. ते गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायचं, दोघातिघांनी सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायचं आणि वरून भराभर पाणी ओतायचं. वाफेच्या लोटातून लाकडाची करकर ऐकू येई. आरे, तुंबा, पाट्या सगळं एकमेकांत घट्ट बसायचं, आणि ती धाव वर्षानुवर्षं निघायची नाही. त्या लोहाराला आकुंचनाचं शास्त्र नीट ठाऊक होतं आणि त्याने ते कामाला लावलं होतं. लाकूड दाबून घेतं, काच घेत नाही, एवढाच फरक. माझं काम त्याच आकुंचनाला वाट करून द्यायचं.

ती वाट म्हणजे फ्लेक्शर. धातूतच कापून काढलेली पातळ पाती, जी एका दिशेने लवते आणि बाकीच्या दिशांना ताठ राहते. भिंगाच्या परिघाला स्पर्शरेषेत अशा पात्या ठेवल्या की कडी आखडताना त्या केंद्राच्या दिशेने लवतात आणि भिंगावर दाब येऊ देत नाहीत. पण भिंगाला वरखाली किंवा आडवं ढकलायचा प्रयत्न केला तर त्याच पात्या लांबीच्या दिशेने ओढल्या जातात, आणि त्या दिशेला त्या चांगल्याच मजबूत असतात. पात्या भोवताली सारख्या अंतरावर असल्या की सगळ्या सारख्याच लवतात, त्यामुळे कडी कितीही आखडली तरी भिंगाचं केंद्र जागेवर राहतं.

यामागचा विचार जुना आहे. कुठल्याही घट्ट वस्तूला हालचालीची सहाच स्वातंत्र्यं असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. तेवढी सहा बांधली की वस्तूची जागा पक्की होते. सातवं बंधन घातलं की ते आधीच्या सहांपैकी कुणाशी तरी भांडायला लागतं आणि त्या भांडणात वस्तू वाकते. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्विनने उपकरणं ठेवण्यासाठी एक मांडणी वापरात आणली: एक पाय शंकूच्या खळगीत, दुसरा व्ही आकाराच्या खाचेत, तिसरा सपाट पृष्ठभागावर. तीन, दोन आणि एक, मिळून सहा. उपकरण उचलून पुन्हा ठेवा, त्याच जागी बसतं. आम्ही आज संगणकावर जे मॉडेल चालवतो, त्याच्या मुळाशी हाच हिशेब असतो. नवीन मुलं डिझाइन घेऊन येतात तेव्हा बंधनं बहुतेक वेळा जास्तच असतात. मजबुतीच्या ओढीने आणखी एक स्क्रू, आणखी एक आधार. तो काढायला सांगितलं की त्यांना जिवावर येतं.

माझे फ्लेक्शर भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये कापले जातात. मालक सत्तरीच्या आसपासचे, सगळे त्यांना काका म्हणतात, मीही. टायटॅनियमची ग्रेड फाइव्हची जाड चकती वायरकटवर चढवायची. पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार पाण्याखाली ठिणग्या टाकत चकतीतून मुंगीच्या वेगाने पुढे सरकते. आधी रफ कट, मग दोन-तीन स्किम कट. शेवटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ पात्या उरतात, बाकीचं सगळं दणकट. पहिला जॉब निघाला तेव्हा काकांनी तो पुसून उजेडात धरला आणि अंगठ्याने आतली बाजू हलकेच दाबली.

“मॅडम, एवढं जाडजूड मटेरियल आणलंत, आणि शेवटी सगळा भार या पापुद्र्यांवर?”

“हो काका. त्या पापुद्र्यांसाठीच बाकीचं जाड आहे.”

त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. मग आडवा जोर लावला. “इकडे लवतंय. तिकडे अजिबात नाही.” जरा वेळ थांबून बोटाने एका खाचेचं टोक दाखवलं. “इथे गोलाई वाढवा. एवढ्या बारीक कोपऱ्यात ताण साचणार आणि चीर गेली तर इथूनच जाणार.”

माझ्या संगणकावरच्या मॉडेलमध्येही त्याच जागी जास्त ताण दाखवणारा लाल रंग होता, मर्यादेच्या आत पण लाल. गोलाई वाढवली. काकांनी कोणतंही सॉफ्टवेअर न उघडता ते अंगठ्याने ओळखलं, याचं मला अतोनात कौतुक आहे. वायरकटच्या ठिणग्यांनी पातीच्या पृष्ठभागावर वितळून थिजलेला एक अगदी पातळ, ठिसूळ थर राहतो. कंपनांत भेग तिथून सुरू होऊ शकते, म्हणून तो आम्ही ॲसिडने उतरवतो. हे मी सांगितल्यापासून काका प्रत्येक जॉबच्या वेळी न चुकता विचारतात, “तो थर काढलात ना?”

स्क्रूबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून इथे थोडं सांगते. वीस मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा भाग स्टेनलेसच्या स्क्रूने आवळला आहे असं धरा. चांगला आवळलेला स्क्रू स्वतः तीसेक मायक्रॉन ताणला गेलेला असतो आणि त्या ताणामुळेच जोड घट्ट राहतो. गार झाल्यावर ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त आखडतं. फरक वीस मायक्रॉनच्या थोडा वर. म्हणजे स्क्रूचा दोन तृतीयांश ताण कुणी हात न लावता निघून जातो. टेबलावर टॉर्क रेंचने मोजून आवळलेला जोड थंडीत ढिला पडलेला असतो आणि दिसायला जसाच्या तसा. उपाय साधे आहेत, स्क्रूखाली डिस्क स्प्रिंग वॉशर घालायचे किंवा त्या त्या आकुंचनाच्या धातूचा स्पेसर. पण तो हिशेब प्रत्येक स्क्रूचा वेगळा करावा लागतो. सगळ्यांचा.

एक गोष्ट मात्र निसर्गाने आपल्या बाजूने ठेवली आहे. ॲल्युमिनियम ४ केल्विनपर्यंत जेवढं आखडतं, त्यातलं जवळजवळ पंचाण्णव टक्के आकुंचन ७७ केल्विनपर्यंतच, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंतच, होऊन जातं. त्यामुळे द्रव हीलियमचा खर्च करण्याआधी नायट्रोजनवर बरंचसं कळून येतं.

या सगळ्या कटकटीतून सुटायचा एक सरळ मार्ग आहे. सगळंच एका पदार्थाचं करायचं. मिरीमध्ये तेच केलं आहे: आरसे ॲल्युमिनियमचे, बैठक ॲल्युमिनियमची. सगळं एकाच प्रमाणात आखडलं की चित्र लहान होतं, पण त्याची ठेवण बदलत नाही. वेबवरच्या निरस्पेक या युरोपीय उपकरणात हेच सिलिकॉन कार्बाइडने साधलं आहे. सिलिकॉन कार्बाइड हलकं, कमालीचं ताठ, पण ठिसूळ. निरस्पेकच्या मूळ बैठकीत भेगा सापडल्या आणि ती बदलून दुसरी घ्यावी लागली. वेबवरच्याच निरकॅम या कॅमेऱ्यात तर हा मार्गच बंद होता. तिथे भिंगं लागतात, तीही लिथियम फ्लोराइड, बेरियम फ्लोराइड आणि झिंक सेलेनाइड अशा तीन वेगवेगळ्या पदार्थांची, आणि बैठक बेरिलियमची. लिथियम फ्लोराइड खोलीच्या तापमानाजवळ ॲल्युमिनियमपेक्षाही जास्त प्रसरण पावतं आणि इतकं मऊ असतं की त्याला धरायचं म्हटलं तरी धाकधूक वाटावी. ज्यांनी ती भिंगं धरली, त्यांना माझा नमस्कार.

आणि एकाच पदार्थाचं उपकरण असलं तरी ते कशावर तरी बसवावं लागतंच. ७ केल्विनच्या खाली असलेली मिरी ज्या चौकटीवर आहे ती ४० केल्विनच्या आसपास असते. आधार भक्कम हवा, पण त्यातून उष्णता आत येता कामा नये, कारण इतक्या थंडीत क्रायोकूलरची ताकद मिलिवॉटमध्येच मोजायची. डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या कार्बन फायबरच्या सहा पायांवर मिरी उभी आहे. सहा स्वातंत्र्यं, सहा पाय. तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ त्या पायांच्या टोकांकडेच पाहत होते, कारण दोन पदार्थ जिथे भेटतात तिथेच काय ते ठरतं.

ती सगळी उपकरणं पेलणारी चौकटही कार्बन फायबरचीच आहे. २०१० मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रात ती २७ केल्विनपर्यंत गार करून मोजली, तेव्हा ती १७० मायक्रॉन आखडली. मर्यादा ५०० ची होती. दोन मीटरहून मोठ्या सांगाड्यासाठी हा आकडा विलक्षण आहे. कार्बनचे धागे थंडीत लांबीच्या दिशेने किंचित वाढतात, त्यांना बांधणारा राळेसारखा पदार्थ आखडतो. धाग्यांच्या दिशा अशा मांडायच्या की एकाची वाढ दुसऱ्याच्या आकुंचनाने भरून निघेल. वेबच्या अठरा बेरिलियम आरशांचंही असंच. थंडीत ते कसे वाकतात हे अलाबामामधल्या नासाच्या मार्शल केंद्रात गार करून मोजलं आणि मग खोलीच्या तापमानाला त्याच्या नेमकं उलट पॉलिश केलं. टेबलावर ठेवलेला तो आरसा जाणूनबुजून चुकीच्या आकाराचा होता.

कुठे आणि कुणीकडे लवायचं हे डिझाइन करणाऱ्याने ठरवलं नाही तर पदार्थ ते ठरवतो. याचं मला सगळ्यात जास्त शिकवणारं उदाहरण हबलवरच्या निकमॉसचं. १९९७ च्या फेब्रुवारीत डिस्कव्हरी यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी तो हबलमध्ये बसवला. हा इन्फ्रारेड कॅमेरा गार ठेवायला आत शंभरहून अधिक किलो घन नायट्रोजन होता, थर्मासच्या तत्त्वावर चालणाऱ्या ड्यूअरमध्ये. जमिनीवर असताना तो नायट्रोजन वितळू नये म्हणून एका टोकाकडून द्रव हीलियम फिरवून पुन्हा पुन्हा गार केला जात असे. त्यात वाफ झालेला नायट्रोजन सगळ्यात थंड जागी येऊन गोठायचा. मग बर्फ थोडा उबदार झाला की प्रसरण पावायचा आणि त्याला जायला जागा नसायची. त्याने ड्यूअरलाच ढकललं. कक्षेत गेल्यावर ताण आणखी वाढला आणि आतला थंड भाग बाहेरच्या उबदार कवचाच्या एका भागाला टेकला.

त्या एका स्पर्शातून उष्णता आत शिरू लागली. साडेचार वर्षं पुरेल असं वाटलेला नायट्रोजन १९९९ च्या जानेवारीत संपला. शिवाय ड्यूअरचा आकार बदलल्यामुळे तिन्ही कॅमेऱ्यांचा फोकस एका ठिकाणी राहिला नाही. तिसरा कॅमेरा तर उपकरणातल्या फोकस यंत्रणेच्या आवाक्याबाहेर गेला. त्याच्यासाठी १९९८ च्या जानेवारीत आणि जूनमध्ये हबलचा दुय्यम आरसाच हलवून घेतला, आणि तेवढे दिवस बाकीच्या उपकरणांचा फोकस सोडून दिला. पुढे २००२ च्या मार्चमध्ये निऑन वायूवर चालणारा क्रायोकूलर बसवून निकमॉसला पुन्हा कामाला लावलं. त्यांनी ते उपकरण वाचवलं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण मी विद्यार्थ्यांना सांगते ती गोष्ट पहिल्या भागाची. तिथे प्रसरणाची दिशा बर्फाने निवडली.

आपल्याकडेही थंड उपकरणांची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटरची इन्फ्रारेड दुर्बीण हैदराबादहून बलूनला टांगून वातावरणाच्या वरच्या थरात पाठवली, त्यातले डिटेक्टर हीलियम-३ वापरून ०.३ केल्विनपर्यंत गार केलेले असत. त्याच संस्थेचा टिरकॅम-२ हा कॅमेरा पुणे जिल्ह्यात गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या दुर्बिणीवर लागला होता, त्याचा डिटेक्टर ३५ केल्विनला. जमिनीवरच्या उपकरणाला रॉकेटचे हादरे नसतात, पण दुर्बीण आकाशभर फिरते तसं वजन सतत वेगळ्या दिशेने लागत राहतं. पातीला लवायची सोय करून दिली की ती या वजनानेही लवणार. अंतराळातल्या माउंटला हा त्रास फक्त जमिनीवरच्या चाचणीपुरता, इथल्याला रोजचा.

चाचणीला लागणारा धीर हा या कामातला न दिसणारा भाग. वेबचे आरसे आणि उपकरणं एकत्र जोडल्यावर २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या चेंबर ए मध्ये सुमारे शंभर दिवस चाचणी चालली. हे चेंबर अपोलो यानांसाठी बांधलेलं. ऑगस्टमध्ये हार्वी वादळाने शहर पाण्याखाली गेलं, तेव्हाही आतली दुर्बीण गारच ठेवायची होती आणि द्रव नायट्रोजनचे टँकर येत राहायला हवे होते. तिथल्या माणसांनी ते निभावलं. घाई चालत नाही, कारण भिंगाची कड गार आणि मधला भाग उबदार राहिला तर काच त्या फरकानेच तडकू शकते. माझ्या लहानशा क्रायोस्टॅटमध्येही, म्हणजे भाग गार करून तपासायच्या निर्वात डब्यातही, तापमान मिनिटाला एखाद्या अंशापेक्षा जास्त वेगाने उतरू देत नाही. रात्रपाळीला बसलेल्या मुलांना कंटाळा येतो, पण त्याला इलाज नाही.

युरोपची युक्लिड दुर्बीण २०२३ च्या जुलैमध्ये उडाली. काही महिन्यांनी ताऱ्यांचा प्रकाश हळूहळू कमी होतोय असं दिसलं. यानातलीच उरलीसुरली ओल आरशावर काही नॅनोमीटर जाडीचा बर्फ होऊन बसली होती. सगळं यान तापवलं असतं तर बर्फ नक्की उडाला असता. पण सगळा सांगाडा प्रसरण पावून पुन्हा आखडताना अगदी त्याच जागी परतेल याची खात्री नव्हती. म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये आधी एकच आरसा उणे १४७ अंशांवरून उणे ११३ वर नेला. चौतीस अंशांची ऊब. प्रकाश पंधरा टक्क्यांनी वाढला.

ही बातमी आली तेव्हा मी आमच्या रिपोर्टचा जुना नमुना काढून बसले होते. भिंग गार होताना किती सरकणार हे गणितात आधीच आलेलं असतं आणि मोजलेला आकडा सहसा त्याच्या जवळपास येतो. पुन्हा खोलीच्या तापमानाला आल्यावर ते मूळ जागी आलं की नाही, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. कुठेतरी एखादा जोड घसरलेला असतो, गोंदाचा एखादा ठिपका किंचित सुटलेला असतो, आणि भिंग तीन मायक्रॉन अलीकडेच थांबतं. हा आकडा आमच्याकडे शेवटच्या पानावर, परिशिष्टात असायचा. आता तो पहिल्या तक्त्यात घेतला आहे, गार करून पुन्हा उबदार करायच्या प्रत्येक फेरीचा वेगळा, आणि तो जुळल्याशिवाय कडी पुढच्या हातात द्यायची नाही असं ठरवलं आहे.